कुबडी, गुप्ती आणि झागनोल : एका समजुतीचें परीक्षण

गेल्या मार्गशीर्षांत आमचे एक जुने विद्यार्थी, जे आतां जुन्या वस्तूंचे व पोथ्यांचे हौशी संग्राहक झाले आहेत, चाळीसगांवीं आमच्या घरीं आले व त्यांनीं कापडांत गुंडाळून आणलेली एक काठी आमच्यापुढें ठेविली. काठी शिसवी असून तिची लांबी सुमारें ३६ इंच आहे. शिरोभागीं लोखंडी हातोडा बसविलेला असून त्याच्या एका अंगास चौकोनी तोंड व दुसऱ्या अंगास पक्ष्याच्या चोंचीसारखें वांकडें टोंक आहे. खालीं पितळेची शेंबी आहे. काठीबरोबर चार ओळींचा एक मोडी कागद होता. विकणाऱ्यानें ती ‘शिवकालीन सरदाराची स्वसंरक्षणाची काठी’ म्हणून दिली. तिच्यासाठीं मोजलेली रक्कम येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं; ती ऐकून आम्हीं हातांतील चहाची बशी खालीं ठेविली, एवढें पुरे.

आमच्या विद्यार्थ्यानें या काठीवर एक टिपण लिहिलें होतें व तें या त्रैमासिकाकडे पाठविण्यापूर्वीं आम्हीं वाचावें अशी त्याची इच्छा होती. टिपण आम्हीं दोनदां वाचलें. तें परिश्रमपूर्वक लिहिलेलें आहे. त्यांतील संस्कृत वचनें शुद्ध आहेत, याचा आम्हांस संतोषहि वाटला. परंतु त्याचा निष्कर्ष आम्हांस मान्य होण्याजोगा नाहीं. अशा काठ्या व अशीं टिपणें आजकाल वारंवार दृष्टीस पडतात. एकदां छापलेलें विधान पुढच्या लेखकास आधार होतें व दहा वर्षांनीं तोच इतिहास होऊन बसतो. म्हणून टिपणकर्त्याच्याच संमतीनें त्याच्या विधानांचें परीक्षण येथें करीत आहों. नांव देत नाहीं. दोष व्यक्तीचा नसून एका विचारपद्धतीचा आहे, आणि त्या दोषांत आम्हीहि वांटेकरी आहों, हें शेवटीं दिसून येईल.

टिपणांतील मुख्य विधानें चार आहेत. पहिलें, कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत यष्टि व मुद्गर हीं एकाच गणांत आल्यामुळें हातोड्याच्या डोक्याची काठी आपल्याकडे प्राचीन आहे. दुसरें, मनूनें निषिद्ध केलेलीं ‘कूट’ आयुधें म्हणजे अशाच हातोड्याच्या काठ्या होत. तिसरें, ऐने अकबरींतील झागनोल व काठींतील गुप्ती यांच्या मिश्रणानें मराठ्यांनीं ही काठी सिद्ध केली. चौथें, सज्जनगडावरील श्रीसमर्थांची कुबडी हा या प्रघाताचा जिवंत पुरावा आहे. यांच्या जोडीस मोडी कागद. आतां हीं एकेक पाहूं.

(१) यष्टि व मुद्गर

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील अठराव्या अध्यायांत आयुधागाराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. तेथें चलयंत्रें म्हणून जो गण दिला आहे त्यांत यष्टि आहे व मुद्गरहि आहे, हें खरें. परंतु ते दोन शब्द शेजारींहि नाहींत. त्यांच्यामध्यें हस्तिवारक व तालवृन्त हे दोन शब्द आहेत. एका गणांत आल्यानें दोन वस्तूंची एक वस्तु होत असेल, तर यष्टीच्या डोक्यावर आधीं ताडाचा पंखा बसवावा लागेल व हातोड्याची पाळी मागाहून येईल. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून त्यांतील शस्त्रांच्या याद्या पुष्कळांनीं उद्धृत केल्या. पण यादी म्हणजे वर्णन नव्हे. कोठीवाल्याच्या यादींत तेल व दिवा एकापुढें एक आले म्हणून दिवा तेलाचा घडविलेला होता असें कोणी म्हणत नाहीं.

काठी हें शस्त्र म्हणून प्राचीन आहे, यांत मात्र संशय नाहीं. त्यासाठीं हातोड्याची गरजच काय? ज्याचें प्रहरण शक्ति तो शाक्तीक, ज्याचें प्रहरण यष्टि तो याष्टीक, अशी व्युत्पत्ति पाणिनीनें चौथ्या अध्यायांत सांगितली आहे. केवळ काठी घेऊन लढणारा माणूस व्याकरणकारास एवढा परिचित होता कीं, त्याच्यासाठीं स्वतंत्र प्रत्यय सांगावा लागला. हातोड्याचीहि परंपरा जुनी आहे. द्रुघण, मुद्गर व घन हे शब्द अमरसिंहानें एकार्थक म्हणून दिले आहेत. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील मुद्गलाच्या शर्यतीच्या सूक्तांत द्रुघण आलाच आहे. म्हणजे दोन्ही परंपरा आहेत, परंतु त्या दोन आहेत. त्यांची गांठ टिपणकर्त्यानें मारली आहे, कौटिल्यानें नव्हे.

(२) ‘कूट’ शब्दाचा अर्थ

टिपणांतील सर्वांत चतुर भाग हाच आहे, व म्हणूनच त्याचा विचार विस्तारानें करावयास पाहिजे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांतील नव्वदाव्या श्लोकांत रणांगणावर कूट आयुधांनीं शत्रूस मारूं नये असें सांगितलें आहे. अमरकोशाच्या नानार्थवर्गांत कूट शब्दाचे जे अनेक अर्थ आहेत त्यांत माया, कैतव, अनृत, पर्वताचें शिखर यांच्याबरोबर अयोघन, म्हणजे लोखंडी घण, हाहि अर्थ आहे. टिपणकर्त्यानें तो उचलला आणि ‘कूटायुध म्हणजे घणाचें शस्त्र’ असें ठरविलें. कोशाचा आधार खरा आहे. पण अनेकार्थ शब्दाचा अर्थ कोश ठरवीत नाहीं, प्रकरण ठरवितें, हा पहिला धडा आम्हींच त्यास वर्गांत दिला होता.

प्रकरण काय आहे तें पाहा. त्याच श्लोकांत काटेरी फाळाचे, विषानें माखलेले व अग्नीनें पेटविलेले बाण वर्ज्य सांगितले आहेत. निषेधाचा विषय कपट व अकारण क्रौर्य हा आहे. घणाच्या प्रहारांत कपट कोणतें? तो तर समोरून दिसतो, आणि मुद्गर हें राजाच्या आयुधागारांतील नेहमींचें शस्त्र असल्याचें कौटिल्याच्याच यादीवरून सिद्ध आहे. टीकाकार कुल्लूकभट्टांनीं कूट आयुधांचा अर्थ बाहेरून लांकूड इत्यादिकांचें व आंत तीक्ष्ण शस्त्र लपविलेलें असें आयुध, असा स्पष्ट दिला आहे. म्हणजे ज्या श्लोकांत टिपणकर्त्यास हातोडा दिसला, त्या श्लोकाच्या टीकेंत प्रत्यक्ष गुप्तीचें लक्षण बसलेलें आहे! त्याच्या हातीं मोहर होती व तो ती पैसा म्हणून मोजीत होता.

येथें आणखी एक विवेक केला पाहिजे. हा निषेध रणाचा आहे. वाटेनें एकटा जाणाऱ्या माणसानें आपला जीव राखण्यासाठीं काय करावें, हा प्रश्न मनूनें आठव्या अध्यायांत आततायीच्या प्रकरणीं वेगळा सोडविला असून तेथें शस्त्र उचलण्यास मोकळीक आहे. गुप् या धातूचा मूळ अर्थच रक्षण करणें हा. लपविणें हा त्याचा पुढचा अर्थ. गुप्ती शब्दांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. वाटसरूची गुप्ती रक्षणार्थ, पण तीच रणांत आणिली तर कूट. आणि साधूच्या वेषांत आणिली तर? त्यालाहि पाणिनीकडे शब्द आहे. दंड व अजिन यांच्या आश्रयानें लोकांस फसविणाऱ्यास दाण्डाजिनिक म्हटलें आहे. काठी ही किती सहज बहाणा होऊं शकते, हें आपल्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें.

(३) झागनोल

झागनोल हा शब्द फारसी. झाग म्हणजे कावळा व नोल म्हणजे चोंच. अबुल फजलाच्या शस्त्रांच्या यादींत झागनोल आहे व गुप्ती-असा, म्हणजे काठींतील तरवार, हीहि आहे. पण ब्लॉकमनच्या १८७३ च्या इंग्रजी भाषांतरांत हीं दोन नांवें निरनिराळीं आहेत. अर्विननें १९०३ सालीं मोगल सैन्यावर जो ग्रंथ लिहिला त्यांतहि झागनोल परशूच्या वर्गांत घातला आहे. परशु व चोंच एकाच दांड्यावर असल्यास त्यास तबर-झागनोल म्हणतात. गुप्तीशीं त्याचा संकर कोणीं सांगितलेला नाहीं. कांहीं तबरांच्या व झागनोलांच्या पोकळ दांड्यांत आट्यांनीं बसविलेली बारीक सुरी असते, हें खरें. पण ती शस्त्रांत लपविलेलें दुसरें शस्त्र होय. काठींत लपविलेलें शस्त्र तें नव्हे.

शब्द बाजूस ठेवून वस्तूच पाहूं. शस्त्राचा आकार हा ज्या कवचाविरुद्ध तें घडविलें त्याचें उत्तर असतो. युरोपांत चौदाव्या-पंधराव्या शतकांत सबंध पत्र्याचीं कवचें झालीं. त्यांवरून तरवारीची धार घसरूं लागली, तेव्हां पत्रा चेपणारा हातोडा व त्यास भोंक पाडणारी चोंच यांची गरज पडली. आपल्याकडे कड्यांचें बख्तर, चार पत्र्यांचा चारआईना व रुईचा चिलता हीं प्रचारांत होतीं. कड्या फोडण्यास चोंच उत्तम. झागनोल घोड्यावरून एका हातानें मारावयाचा, म्हणून दांडा बहुधा दीड ते अडीच फुटांचा व पुष्कळदां सबंध पोलादी. चालण्याची काठी तीन फुटांची पाहिजे. तिच्या बारीक लांकडी दांड्यावर जड डोकें बसविलें तर पहिल्याच खऱ्या प्रहारास ती मानेशीं मोडेल. म्हणूनच लांब दांड्याच्या जुन्या युरोपीय हातोड्यांस डोक्यापासून खालीं लोखंडी पट्ट्या उतरविलेल्या असतात. आमच्यापुढील काठीस तशी एकहि पट्टी नाहीं.

आम्हीं तिचें डोकें टिपणकर्त्याच्या देखत उतरविलें. तें यंत्रानें कापलेल्या, एकसारख्या आट्यांवर बसविलेलें निघालें. जुन्या कुऱ्हाडीस व घणास नेढें असतें, तें लांबट असतें व दांडा पाचरीनें घट्ट केलेला असतो. येथें छिद्र वाटोळें, पाचर नाहीं. बाहेरून लोखंडास गंज होता, परंतु आटे स्वच्छ व चकचकीत. तीनशें वर्षें बाहेरून गंजणारें लोखंड आंत नवें राहतें, असा चमत्कार आमच्या पाहण्यांत नाहीं.

मग ही काठी आली कोठून? तिचें घराणें खरें आहे, फक्त तें येथलें नाहीं. पोलंडांतील सरदारवर्ग शांततेच्या काळांतहि हातोड्याच्या डोक्याच्या काठ्या हातांत घेऊन हिंडत असे. चोंचीच्या हातोड्यास ते नाद्झ्याक म्हणत. चेकान व ओबुख हे त्याचेच भाऊबंद. भांडणांत त्यांचा इतका उपद्रव होऊं लागला कीं, तेथील सभेनें १५७८, १६०१ व १६२० सालीं कायदे करून युद्धावांचून त्या बाळगण्यास बंदी घातली. हंगेरींतील फोकोश व स्लोवाकियांतील वलाश्का या धनगरांच्या लहान कुऱ्हाडीच्या काठ्याहि याच जातीच्या. अशा नमुन्यांवरून हल्लीं परदेशांत नव्या काठ्या घडवितात व त्या स्वसंरक्षणासाठीं म्हणून विकतात. नवी वस्तु नवी म्हणून विकली तर त्यांत अप्रामाणिकपणा नाहीं. तिच्यावर गंज चढवून शिवकाल चिकटविला म्हणजे ती खरोखर कूट होते.

तेथील दृष्टांतांतून आपण घ्यावयाचें तें हें. पोलंडांत युद्धाचा हातोडा चालण्याची काठी झाला, हें कायद्याच्या तारखांवरून सिद्ध होतें. आपल्याकडे तसें झालें असें म्हणावयाचें तर तसाच एखादा दाखला, बंदीचा हुकूम, जप्तीची याद, सरंजामाची फेरिस्त, कांहीं तरी दाखविलें पाहिजे. टिपणांत असा एकहि कागद नाहीं. काठीनें स्वसंरक्षण करण्यास हातोडा लागतो, हीहि समजूत निराधार आहे. हिंदुस्थानच्या पोलिसखात्यांतील एच. जी. लँग नांवाच्या अधिकाऱ्यानें १९२३ सालीं काठीनें स्वसंरक्षण करण्यावर पुस्तक लिहिलें, तें साध्या काठीचें आहे. काठीचें बळ तिच्या वेगांत व दोन्ही टोंकांत असतें. एका टोंकास लोखंड बांधलें म्हणजे दोन्ही गुण जातात.

(४) श्रीसमर्थांची कुबडी

या विधानाविषयीं आम्ही आदरानेंच लिहितों. सज्जनगडावर श्रीसमर्थांच्या म्हणून ज्या वस्तु जतन केल्या आहेत त्यांत कुबडी व गुप्ती आहे, व भाविक तिचें दर्शन घेतात. कुबडी हें मुळांत जपास बसल्यावर हात टेकण्याचें साधन. असल्या आडव्या मुठीच्या कुबड्यांत पातें लपविण्याची चाल फकिरांत व अमीरउमरावांतहि होती. फारसींत तिला जफर-तकिया म्हणतात. म्हणजे या कुबडीवरून फार तर टेकण्याच्या साधनांत गुप्ती असूं शकते एवढें निघेल. हातोडा मुळींच निघत नाहीं. टिपणकर्त्यास जें सिद्ध करावयाचें होतें त्याच्याशीं या उदाहरणाचा संबंधच नाहीं. पूज्य नांव घेतल्यानें वाचक प्रश्न विचारीत नाहीं, एवढाच त्याचा उपयोग.

श्रद्धेची वस्तु व पुराव्याची वस्तु यांत भेद करण्यानें श्रद्धेस उणेपणा येत नाहीं. सत्कार्योत्तेजक सभेच्या शंकर श्रीकृष्ण देवांहून समर्थभक्त कोण? पण धुळ्यास त्यांनीं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत गोळा केलीं तीं हस्तलिखितें. राजवाड्यांनींहि १८९८ च्या पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींस अस्सल कागदांच्या कसोटीवर घांसलें. अलीकडचेंच उदाहरण घ्या. लंडन येथील व्हिक्टोरिया व अल्बर्ट वस्तुसंग्रहालयांतील वाघनखें २०२४ च्या जुलैंत साताऱ्यास प्रदर्शनार्थ आलीं, तेव्हां सहस्रावधि लोकांनीं तीं भक्तिभावानें पाहिलीं. परंतु तीं महाराजांनीं वापरलेलींच होत असें सिद्ध करतां येत नाहीं, हें खुद्द त्या संग्रहालयानें सांगितलेलें आहे. पेटीवरील लेखांत तर मारल्या गेलेल्या सरदारास मोगल म्हटलें आहे; अफझलखान आदिलशाहीचा होता हें शाळेंतील मूलहि सांगेल. लेख वस्तूबरोबर असतो म्हणून तो खराच असतो असें नाहीं.

(५) मोडी कागद

आतां कागद. त्यावर शके १५९६ क्रोधन संवत्सर असें आहे. शके १५९६ हें राज्याभिषेकाचें वर्ष. त्याचा संवत्सर आनंद, हें संग्राहकांस सांगावयास नकोच. अक्षराचे फरांटे सर्वत्र सारख्या जाडीचे आहेत. बोरूचें अक्षर वळणावळणाला जाड-बारीक होतें, तसें येथें होत नाहीं. कागद उजेडाकडे धरला तर हातकागदांत दिसणाऱ्या जाळीच्या रेषा दिसत नाहींत. आणि भाषा? त्या काळच्या पत्रांतून फारसी शब्द ओळीओळीस भेटतात. येथें ‘स्वसंरक्षणार्थ’ असा आजच्या वर्तमानपत्रांतील शब्द आला आहे. एवढ्यानें कागदाचा निकाल लागतो. कागद बनावट निघाल्यावर काठीस शिवकाल सांगणारा दुसरा साक्षीदारच उरत नाहीं.

यांत एक व्यावहारिक गोष्टहि आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तरवारींच्या वर्गांत काठींतील तरवारीचा उल्लेख नांवानिशीं आहे; तेव्हां खरी गुप्ती हातीं आल्यास संग्राहकानें परवान्याची चौकशी आधीं करावी. तसेंच १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांची वस्तु व पंचाहत्तर वर्षांचें हस्तलिखित यांस पुरावस्तु समजतात. खोटी वस्तु खरी म्हणून नोंदविण्यानें सरकारी दप्तरांतहि खोटें शिरतें, आणि तें बाहेर काढणें फार कठीण.

(६) मग काय जमवावें?

टिपणकर्त्यानें आम्हांस खिन्नपणें विचारलें, “गुरुजी, म्हणजे आपल्या खानदेशांत जमविण्यासारखें कांहींच नाहीं काय?” पुष्कळ आहे. पोलंडच्या धनगराची काठी तेथील संग्रहालयांत आहे. आमच्या ठेलारी धनगराच्या खांद्यावरील कुऱ्हाड कोणत्या संग्रहालयांत आहे? तिचा दांडा धावड्याचा कां, तिचें नेढें कोणत्या गांवच्या लोहारानें पाडलें, हें कोणीं लिहून ठेविलें आहे? १८२५ सालीं औट्रमनें धरणगांवीं भिल्लांची पलटण उभारली. त्या पलटणींत शिरण्यापूर्वीं भिल्लाच्या हातीं जो तीरकामठा होता त्याचे भाग, लांकूड, दोरी व त्यांचीं बोलींतील नांवें आज किती जणांस सांगतां येतील? या वस्तूंस शिवकालाचा दाखला नको, फक्त नोंद पाहिजे. आणि ती करून देणारीं माणसें अजून हयात आहेत.

आमच्या तालुक्यांतील पाटणच्या देवळांत शके ११२८ चा शिलालेख आहे, जो भाऊ दाजींनीं १८६५ सालीं प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिला व त्यास कोणीं काय दिलें, हें त्यांत सांगितलें आहे. आठशें वर्षांनीं तो दगड आम्हांशीं बोलतो, कारण देणारा, घेणारा, वस्तु व काळ हीं चारहि त्यावर कोरलेलीं आहेत. वस्तु मुकी असते; तिला हीं चार उत्तरें जोडून देणें हेंच संग्राहकाचें काम. हीं उत्तरें माहीत नसतील तर जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पुढील संशोधक भरील. खोटी भरलेली जागा त्याला दिसणारहि नाहीं.

शेवटीं आमचा कबुलीजबाब. पुष्कळ वर्षांपूर्वीं शाळेंत जुन्या वस्तूंचें प्रदर्शन भरलें असतां एका गृहस्थांनीं आणिलेल्या लोखंडी मुठीच्या काठीवर ‘पेशवेकालीन’ अशी चिठ्ठी आम्हींच आमच्या सुंदर अक्षरांत लिहून लाविली होती. आधार काय? मूठ जुनी दिसत होती व गृहस्थ सज्जन होते. तें प्रदर्शन पाहावयास आलेल्या मुलांत हा टिपणकर्ताहि होता. वस्तूकडे पाहून काळ सांगण्याची विद्या तो आमच्याकडूनच शिकला, असें म्हणावें लागतें. त्या गृहस्थांच्या घरीं जाऊन आम्हीं ती चिठ्ठी काढून आणली आहे. काठी त्यांच्या आजोबांची होती, एवढें त्यांस निश्चित ठाऊक आहे. तेवढेंच आतां तिच्यावर लिहिलें आहे.

टिपणकर्त्यानें आपलें टिपण परत घेतलें. काठी मात्र त्यानें टाकून दिली नाहीं. ती तो आपल्या पोथ्यांच्या कपाटाशेजारीं उभी ठेवतो व नवा कागद विकत घेण्यापूर्वीं एकदां तिच्याकडे पाहतो, असें त्यानें आम्हांस कळविलें आहे. स्वसंरक्षणाचा एवढा उपयोग त्या काठीपासून खास होईल.